वीण, भोपळा आणि उजेड : डहाणू-तलासरी परिसरातील हस्तनिर्मित दिव्यांविषयी

बैठकीच्या कोपऱ्यात जमिनीवर उभा राहणारा किंवा मेजावर ठेवला जाणारा, बांबू, लाकूड, भोपळ्याचे कवच, सुतळी आणि जाडेभरडे कापड अशा द्रव्यांतून हाताने घडवलेला विजेचा दिवा हा या ग्रंथाचा विषय आहे. बाजारात त्याला टेबल लॅम्प आणि फ्लोअर लॅम्प म्हणतात. कारागिराच्या दृष्टीने दोहोंची रचना एकच असते. खाली भार सांभाळणारी बैठक, मध्ये दांडा किंवा तिवई आणि वर दिव्याच्या गोळ्याभोवतीचे आवरण, म्हणजे लॅम्पशेड, असे तिचे तीन भाग पडतात. त्यांपैकी पहिले दोन भाग दिव्याला उभे ठेवतात, परंतु खोलीत उजेड कसा पडेल हे तिसरा भाग ठरवतो. म्हणून अशा दिव्यांचा विचार करताना सजावटीच्या आधी आवरणाचा विचार व्हायला हवा, आणि डहाणू-तलासरीच्या दिव्यांबाबत नेमका तोच मागे राहिला आहे.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून, हे दोन तालुके आहेत. डहाणूला समुद्र आहे, सुरूची बने आहेत, घोलवडच्या चिकूच्या वाड्या आहेत आणि पूर्वेकडे सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत चढत गेलेला डोंगराळ पट्टा आहे. तलासरी मात्र मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या दोन्ही अंगांना पाड्यापाड्यांनी पसरलेला आहे. दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतात, आणि वारली, कोकणा, धोडी, दुबळा या समाजांची वस्ती तेथे आहे. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध वारल्यांनी केलेल्या उठावामुळे हा प्रदेश महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात आला, तर १९७०नंतर वारली चित्रकलेमुळे तो कलेच्या इतिहासात आला. शहरी घरांत आज जो ‘वारली लॅम्प’ दिसतो, तो या दुसऱ्या प्रसिद्धीचे अपत्य आहे, आणि त्याचे दोषही तिथूनच आले आहेत.

ही चित्रे मुळात कोणत्या उजेडात पाहिली जात, हे आधी लक्षात घेणे आवश्यक आहे. वारली घराची पारंपरिक भिंत कुडाची असते, म्हणजे कारवीच्या काटक्या एकमेकींना लावून बांधलेल्या आणि त्यावर शेणमातीचा लेप दिलेला असा तिचा पोत असतो. (कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते आणि फुलल्यावर मरते, तिच्या वाळक्या काटक्या या कामाला पिढ्यान्‌पिढ्या पुरत आल्या आहेत.) घराला खिडक्या जवळजवळ नसतात, उजेड येतो तो दारातून, कुडाच्या न लिंपलेल्या फटींतून आणि चुलीतून. रॉकेलची चिमणी येण्यापूर्वी करंजाच्या आणि मोहाच्या बियांचे तेल दिव्यासाठी वापरात होते. अशा अर्धवट काळोखात गेरूने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने लग्नचौक काढीत. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असे, आणि धवलेरी, म्हणजे विवाहाचे विधी गीतांतून चालवणारी स्त्री, त्याच्यासमोर गाई. त्रिकोणांची माणसे, वर्तुळांचे सूर्यचंद्र आणि ठिपक्यांच्या ओळी ही सगळी आकृतिभाषा तांबड्या-काळ्या पृष्ठभागावरच्या एकाच पांढऱ्या रंगात बोलते. ही मितव्ययी रीत केवळ साधनांच्या तुटवड्यातून आली असे मानणे अपुरे आहे. तेलाच्या मंद ज्योतीत दुरूनही उठून दिसेल असा रंगांचा हा जोड आहे, आणि तो ज्या भिंतीवर आहे ती भिंत समोरून आलेला उजेड परत फेकते, आरपार जाऊ देत नाही.

चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी ही चित्रे भिंतीवरून कागदावर आणण्यास उत्तेजन दिले. तलासरी तालुक्यातील धामणगावात १९३४ साली जन्मलेले आणि पुढे डहाणू तालुक्यातील गंजाडच्या कलंबीपाड्यावर राहिलेले जिव्या सोमा मशे यांच्या हातून ती जगभर गेली. मशे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली त्यांचे निधन झाले. स्त्रियांच्या विधीतील एक अंग पुरुषांच्या स्वतंत्र कलाव्यवहारात कसे बदलले, हा वेगळ्या ग्रंथाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवायचे की कागद आणि शेणाने सारवलेले कापड हेही भिंतीसारखेच समोरून पाहायचे पृष्ठभाग होते, त्यामुळे या स्थलांतरात चित्राचे प्रकाशाशी असलेले नाते अबाधित राहिले. ते बिघडले पुढच्या टप्प्यावर, जेव्हा चित्र लॅम्पशेडवर चढले.

बिघाड कसा होतो हे सांगायला भौतिकशास्त्राचे फारसे ज्ञान लागत नाही. लॅम्पशेडचे कापड किंवा कागद अर्धपारदर्शक असतो, म्हणजे तो उजेडाचा काही भाग आपल्यातून जाऊ देतो. पांढरा रंग मात्र, तो तांदळाचा असो वा आजचा ॲक्रिलिक, दाटपणामुळे उजेड अडवतो. दिवा बंद असताना फिकट गेरू रंगाच्या कापडावरची पांढरी माणसे उठून दिसतात. दिवा लावला की कापड उजळते, रंगाचे थर काळवंडतात आणि नाचणारी माणसे सावल्यांसारखी उरतात. रात्र झाल्यावर, म्हणजे दिव्याचा उपयोग सुरू होतो तेव्हाच, चित्र उलटे होते. यावर उपाय म्हणून काही कारागीर गेरूचा थर इतका जाड देतात की कापडातून काहीच उजेड बाहेर पडत नाही. मग चित्र वाचते, पण दिवा मरतो. काळ्या रेघांत छापलेल्या शेडमध्ये हा प्रश्न येत नाही हे खरे, परंतु पांढऱ्याऐवजी काळ्यात छापलेली ती आकृती वारली चित्राची सावलीच असते, आणि यंत्रावर छापलेल्या अशा मालाला पाड्यावरच्या चित्रकाराच्या हाताची गरज उरत नाही. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक निर्देशांक, म्हणजे विशिष्ट प्रदेशातून आलेल्या उत्पादनाच्या नावाला कायद्याने मिळणारे संरक्षण, मिळाला. डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाने त्यासाठी प्रयत्न केले. नाव राखण्याचे काम कायदा करू शकतो. आकृती कोणत्या पृष्ठभागावर शोभेल हे ठरवणे त्याच्या कक्षेत येत नाही.

प्रस्तुत विवेचनाची भूमिका अशी आहे की या प्रदेशाने दिव्याला देण्याजोगी सर्वांत मोलाची गोष्ट चित्र ही नसून वीण आहे. चित्राची जागा दिव्याच्या बैठकीवर आहे, जाड लाकडी दांड्यावर आहे, किंवा दिव्याचा झोत जिच्यावर पडेल त्या मागच्या भिंतीवर आहे. आवरण मात्र टोपली विणणाऱ्या हाताकडे असावे. डहाणू-तलासरीच्या घरात बांबूच्या विणीचे जे प्रकार पूर्वापार आहेत, ते सगळे काहीतरी अडवण्यासाठी आणि काहीतरी जाऊ देण्यासाठी योजलेले आहेत. रोवळीतून पाणी जाते आणि तांदूळ राहतो; सुपातून काहीच खाली जात नाही, कारण त्यात वाऱ्याने भुसा उडवायचा असतो; कणगी, म्हणजे धान्य साठवण्याची उंच टोपली, आधी विणतात आणि मग शेणमातीने लिंपून बंद करतात. कोंबड्यांवर पालथे घालायचे डाले तर मोठमोठ्या डोळ्यांच्या विणीचे असते, कारण आतल्या जिवाला हवा आणि उजेड दोन्ही हवे असतात. विणणारी व्यक्ती कामट्यांची, म्हणजे चिरलेल्या बांबूच्या पातळ पट्ट्यांची, रुंदी आणि त्यांच्यामधली फट बदलून हे साधते. दिव्याच्या आवरणातही प्रश्न तोच असतो. फक्त पाणी, वारा आणि धान्य यांच्या जागी उजेड येतो.

यांपैकी डाले आणि इरले ही दोन उदाहरणे विशेष विचारार्ह आहेत. डाले तसेच उचलून आत दिवा लावला तर भिंतीवर आणि छतावर जाळीच्या मोठ्या सावल्या पडतात. त्या पहिल्या दिवशी मोहक वाटतात, परंतु वाचणाऱ्याच्या पुस्तकावर पडल्या की त्रासदायक ठरतात. म्हणून उघड्या विणीचे आवरण कोपऱ्यातल्या, केवळ वातावरणापुरत्या दिव्याला योग्य आणि वाचनाच्या दिव्याला अयोग्य असते. इरल्याची रचना अधिक चतुर आहे. भातलावणीच्या वेळी पाठीवर घ्यायच्या या पावसाच्या आडोशात बांबूच्या उघड्या विणीचे दोन थर असतात आणि त्यांच्यामध्ये पळसासारखी रुंद पाने दाबून बसवलेली असतात. वीण आकार देते, पान पाणी अडवते. पानाच्या जागी हातकागद किंवा पातळ खादी घातली तर दोन विणींमध्ये धरलेले असे आवरण तयार होते की ज्यात वीण पाठीमागून उजळलेल्या कागदावर रेखीव दिसते, गोळा डोळ्यांना टोचत नाही आणि सावल्याही तुटक पडत नाहीत. प्लास्टिकच्या कापडाने इरले शेतातून जवळजवळ हद्दपार केले आहे. दिव्याच्या निमित्ताने ही दुहेरी वीण हातांत टिकली, तर तो या व्यवसायाचा सर्वांत मोठा लाभ मानावा लागेल.

हा मार्ग अव्यवहार्य नाही, याचे एक प्रसिद्ध उदाहरण जपानचे आहे. गिफू शहरात तुतीच्या सालीचा कागद आणि बांबूच्या बारीक कांब्या यांचे कंदील पिढ्यान्‌पिढ्या होत असत. इसामू नोगुची हे शिल्पकार १९५१ साली तेथे गेले आणि त्याच कारागिरीतून त्यांनी ‘अकारी’ नावाने ओळखले जाणारे दिवे घडवले. त्यांनी बहुतेक दिव्यांवर चित्रकाम ठेवले नाही. कागद, कांबी आणि आकार एवढ्यावरच ते उभे राहिले. महाराष्ट्रातही या दिशेने काम झाले आहे. कुडाळ येथे २००४ साली सुरू झालेल्या कोनबॅक या संस्थेने कोकणातील बांबूचे फर्निचर आणि घरातील वस्तू बाजारापर्यंत नेल्या, आणि पालघर जिल्ह्यातच वसई तालुक्यातील भालिवली येथे आदिवासी स्त्रियांना बांबूकामाचे प्रशिक्षण देऊन आकाशकंदिलासारख्या वस्तू करून घेतल्या जातात. आकाशकंदील आणि घरातला दिवा यांत मात्र एक फरक विसरता येत नाही. कंदील दिवाळीपुरता टिकला तरी चालतो. बैठकीतला दिवा दहा पावसाळे काढू शकला पाहिजे.

टिकण्याचा हा प्रश्न बांबूच्या जातीपाशी, वयापाशी आणि तोडणीच्या वेळेपाशी जाऊन पोहोचतो. मानवेल हा जाड सालीचा, जवळजवळ भरीव बांबू तिवईच्या पायांना आणि दांड्यांना योग्य, तर काटस हा काटेरी, मोठ्या पोकळीचा बांबू रुंद पट्ट्यांना आणि नळकांड्यांना सोयीचा पडतो. विणीसाठी एक-दोन वर्षांचा कोवळा बांबू लवकर चिरतो आणि वाकतो. भार घेणाऱ्या भागांना तीन वर्षांहून जुना बांबू लागतो. बांबूतले पिष्ट, म्हणजे स्टार्च, हे त्याला पोखरणाऱ्या बारीक भुंगेऱ्याचे अन्न आहे, आणि पावसाळ्यात कोंब फुटण्याच्या काळात तोडलेला बांबू फार लवकर पोखरला जातो. दिव्याखाली सकाळी पिवळसर भुकटीची रांगोळी दिसू लागली, की तोडणीची वेळ चुकली होती असे समजावे. पाऊस सरल्यावर, थंडीत तोडणे, तोडलेला बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवणे आणि चुलीच्या वर माळ्यावर धुरात ठेवणे हे तिन्ही उपाय परंपरेला माहीत आहेत; बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात भिजवणे हा त्यांचा आधुनिक जोडीदार आहे. किनाऱ्यावरच्या दमट हवेत बुरशीही तितकीच छळते, म्हणून काम पूर्ण वाळल्यानंतरच तेलाचा किंवा मेणाचा हात द्यावा लागतो, ओल्या बांबूवर दिलेला चकचकीत थर ओल आतच कोंडतो.

निसर्गाचे हे वेळापत्रक बाजाराच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. दिव्यांची मागणी दिवाळीपूर्वी, म्हणजे श्रावणानंतर, येते आणि तेव्हा जंगलात कोंब वाढत असतात, शेतात भात उभे असते. दिवाळी संपली की हवामान कामाला अनुकूल होते, पण त्याच सुमारास अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि शहरातल्या बांधकामांवर स्थलांतर करतात. त्यामुळे हिवाळ्यात बांबू तोडून, संस्कार करून, चिरून ठेवण्याचे भांडवल कोणाकडे आहे यावर संपूर्ण व्यवसाय अवलंबून राहतो. कायद्याची अडचण पूर्वीइतकी उरलेली नाही. वनहक्क कायदा, २००६ याने बांबूला लघुवनोपजात, म्हणजे सामूहिक हक्काने गोळा करता येणाऱ्या वनोत्पादनात, स्थान दिले आणि २०१७ साली भारतीय वन अधिनियमातील झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळल्याने खासगी शेतावरचा बांबू तोडण्यासाठी व नेण्यासाठी लागणारे परवान्याचे जंजाळ सुटले. बांधावर बांबू लावणे हाच आगाऊ साठ्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. त्याला फक्त तीन-चार वर्षांचा धीर लागतो, आणि पहिल्याच हंगामात नफा मागणारे व्यापारी तो दाखवीत नाहीत.

विजेच्या बाजूने पाहिले तर हा व्यवसाय गेल्या दहा-पंधरा वर्षांतच खऱ्या अर्थाने शक्य झाला. साठ वॉटचा जुना तारेचा गोळा आपल्या विजेचा फारच थोडा भाग उजेडात बदलत असे, उरलेली उष्णता होई, आणि त्याच्या काचेचे तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या पुष्कळ वर जाई. त्याच्याभोवती कागद आणि वाळलेला बांबू ठेवणे हे आगीला आमंत्रण होते. तेवढाच उजेड देणारा एलईडी दिवा नऊ वॉटच्या आसपास घेतो. केंद्र सरकारची उजाला योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली आणि हे दिवे पाड्यापर्यंत स्वस्तात पोहोचले. तथापि बाजारात सर्रास मिळणारा एलईडी ६५०० केल्विनचा, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचा असतो. (केल्विन हे येथे उजेडाच्या रंगाचे माप आहे, आकडा जितका लहान, तितका उजेड पिवळट.) या उजेडात बांबूचा सोनेरी रंग फिका आणि गेरू करडा दिसतो. २७०० केल्विनचा दिवा दिला तर तेलाच्या ज्योतीजवळचा रंग येतो आणि या द्रव्यांना त्यांचे मूळ रूप मिळते. विकताना दिव्याबरोबर योग्य गोळा न देणारा विक्रेता आपल्याच कारागिराचे काम अर्धे बिघडवतो. या संदर्भात एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. डहाणूतच १९९५च्या सुमारास कार्यान्वित झालेले ५०० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक केंद्र आहे आणि त्याची वीज मुंबईच्या उपनगरांत जाते. जेव्हा बोरिवलीतल्या एखाद्या घरात डहाणूच्या बांबूचा दिवा लागतो, तेव्हा बांबूबरोबर त्यातली वीजही डहाणूहून गेलेली असण्याचा संभव असतो.

मापांबाबत आयते परदेशी नमुने डोळे झाकून उचलले जातात, तेथेही थोडी सावधगिरी हवी. आवरणाची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला असावी, म्हणजे गोळा थेट दिसत नाही, हा सर्वसाधारण नियम आहे. खुर्चीवर बसलेल्याच्या बाबतीत ही उंची जमिनीपासून एक मीटरच्या किंचित वर येते आणि त्यावरून दीड मीटरचा उभा दिवा ठरतो. गादीवर किंवा सतरंजीवर मांडी घालून बसणाऱ्या घरात मात्र डोळे जमिनीपासून पाऊण मीटरवर असतात, म्हणून तेथे दिवाही तेवढाच बुटका हवा. बुटका दिवा कमी डुलतो, त्याला बांबू कमी लागतो आणि एसटीतून नेणेही सोपे जाते. उंच दिव्याच्या बैठकीत वजन घालावेच लागते. घोलवडच्या वाड्यांत छाटणीत निघणारे चिकूचे जड, लालसर लाकूड त्यासाठी उपयोगी पडावे.

ओबडधोबडपणाच्या हौसेविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. शहरी ग्राहकाला गावाकडच्या धाटणीची वस्तू हवी असते आणि तिच्यात तो खडबडीतपणा, वाकडेपणा, सुटलेली सुतळी शोधतो. यंत्राने केलेल्या गुळगुळीत वस्तूंचा कंटाळा आल्यामुळे ही अपेक्षा निर्माण होते. परंतु चांगले सूप विणणारी बाई कामटीची जाडी आयुष्यभर एकसारखी ठेवण्याचा प्रयत्न करीत असते आणि वाकडी कड तिच्या लेखी शिकाऊपणाची खूण असते. तिला मुद्दाम ओबडधोबड करायला सांगणे म्हणजे तिच्या कौशल्याचा पगार कापून तिच्या दारिद्र्याच्या कल्पनेचे पैसे देणे होय. या दिव्यांचे साधेपण द्रव्यात आणि आकारात असावे, कामाच्या दर्जात नसावे.

शेवटी भोपळ्याचा विचार, कारण चित्र आणि उजेड यांचे तुटलेले नाते तेथे पुन्हा जुळू शकते. वाळलेल्या दुधी भोपळ्याचे कठीण कवच या भागात पाणी आणि ताडी ठेवायला वापरले गेले आहे, आणि तारपा या वाद्याचा हवेचा कोठाही त्याचाच असतो. त्याला बांबूच्या दोन नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा मेणाने जोडतात. हे कवच उजेड पूर्ण अडवते. त्यावर आकृती रंगवण्याऐवजी बारीक सामत्याने ठिपक्याठिपक्यांनी भोके पाडून ती कोरली, तर दिवा लागताच काळ्या कवचावर उजळ माणसे दिसतात, म्हणजे गडद भूमीवर पांढरी रेषा हा भिंतीवरचा क्रम जसाच्या तसा परत येतो. तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरणारी नर्तकांची सर्पिल रांग या पद्धतीला फार सोयीची आहे, कारण ती मुळातच ठिपके आणि लहान त्रिकोण यांच्या पुनरावृत्तीने वाढते. कवचाला वर-खाली हवेसाठी भोक ठेवावे लागते, नाहीतर एलईडीचा आतला भाग तापून लवकर निकामी होतो. अडचण भोपळ्याच्या पुरवठ्याची आहे. भाजीसाठी लावले जाणारे संकरित दुधी कोवळेच तोडायचे असतात आणि त्यांचे कवच जाड होत नाही. जुन्या जाड सालीच्या वेलाचे बी ज्यांच्या परसात टिकून आहे, ती घरे थोडी उरली आहेत. चांगल्या गोलाईचा, लांब मानेचा भोपळा हाती आला तर त्यावर पहिला हक्क तारप्याचा असावा, आणि दिव्यांसाठी वेल वेगळे लावावेत.